शाळा समितीत अम्मीची जागा

शाळेच्या दारावर वर्षातून दोन-तीनदा एक कागद डकवलेला दिसतो. ‘सर्व पालकांना कळविण्यात येते की, अमुक तारखेस दुपारी तीन वाजता पालक सभा आयोजित केली आहे, तरी आपण वेळेवर उपस्थित राहावे.’ मुलांच्या हातीही चिठ्ठी जाते. ती बहुधा दप्तरातच राहते. शंभर पालकांमधून सभेला वीस-पंचवीस येतात, हजेरीवर सही करतात, चहा घेतात आणि ‘घाई आहे’ म्हणून निघतात. पण दर दोन वर्षांनी अशाच एका सभेत, जेमतेम अर्ध्या तासात, शाळेची पुढची दोन वर्षे कुणाच्या देखरेखीखाली जाणार हे ठरून जाते. त्या अर्ध्या तासाला आपल्या घरातले कुणी हजर असते का, हा या लेखाचा विषय आहे.

‘शाळा व्यवस्थापन समिती’ हे नाव आपण ऐकलेले असते. तिच्यामागचा कायदा मात्र थोड्यांनाच ठाऊक असतो. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या एकविसाव्या कलमानुसार सरकारी, जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळांत अशी समिती असलीच पाहिजे. (अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचे वेगळे आहे, त्याकडे पुढे येऊ.) समितीत किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक हवेत. एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात. दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. आपल्या महाराष्ट्रात ही समिती बारा ते सोळा जणांची असते आणि तिची मुदत दोन वर्षांची. पालक सदस्य निवडायचे ते पालक सभेतून. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांपैकीच होतात. मुख्याध्यापक हे सदस्य-सचिव, म्हणजे सभा बोलावणारे आणि कामकाज लिहिणारे. शिवाय शिक्षकांचा एक प्रतिनिधी, ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा एक निवडून आलेला सदस्य आणि एक शिक्षणतज्ज्ञ. दोन विद्यार्थीही बसतात, त्यांत एक मुलगी हवीच.

हिशेब करून पाहा. बारा जणांच्या समितीत नऊ पालक आणि सहा स्त्रिया. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उमेदवारी अर्ज, अनामत रक्कम, चिन्ह, प्रचार असा केवढा पसारा असतो. इथे त्यातले काहीच नाही. पदवी लागत नाही, पैसा लागत नाही. आपले मूल त्या शाळेत शिकत असले की आपण उभे राहू शकतो.

तरीही जागा भरतात त्या कशा, हे आम्ही शिक्षक म्हणून वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. सभेच्या आधीच नावे ठरलेली असतात. कुणी गावातले वजनदार गृहस्थ, कुणी मुख्याध्यापकांच्या ओळखीचे, कुणी ‘सही करायला बोलावले की येणारे’. स्त्रियांची निम्मी संख्या कागदावर पुरी केली जाते. कुणाच्या तरी बायकोचे, कुणाच्या भावजयीचे नाव घातले जाते आणि तिला स्वतःलाच ते सहा महिन्यांनी कळते, तेही सहीसाठी रजिस्टर घरी आले म्हणून. हे उर्दू शाळेत होते तसेच मराठी शाळेतही होते. पण आपल्यावर त्याचा परिणाम अधिक होतो, कारण आपल्या बहुतेक मुलांना दुसरी शाळा परवडत नाही.

आपल्याकडे मजलिसीत शिक्षणावर बोलणे निघाले की २००६ चा सच्चर समितीचा अहवाल निघतो. राज्याने नेमलेल्या महमूदुर रहमान समितीचा २०१३ चा अहवालही कुणीतरी काढतो. आकडे तोंडपाठ असतात आणि चर्चा इशाच्या नमाजनंतर रात्री अकरापर्यंत चालते. त्याच मंडळींपैकी किती जणांना आपल्या मुलाच्या शाळेची समिती कधी नेमली गेली, तिचे अध्यक्ष कोण आहेत, हे सांगता येईल? सरकारने काय द्यावे यावर बोलायलाच हवे, पण जे देऊन झाले आहे ते उचलायलाही कुणीतरी जायला हवे.

आता एका आपांची गोष्ट सांगतो. नाव आणि गाव सांगत नाही, त्यांनीच नको म्हटले आहे. कोकणात खाडीच्या काठचे गाव. शाळा जिल्हा परिषदेची, उर्दू माध्यमाची, पहिली ते सातवी. मोहल्ल्यातले निम्मे पुरुष आखातात किंवा जहाजावर, उरलेल्यांतले काही मुंबईला. घरे बायकाच चालवतात. बँकेत जातात, रेशनवर जातात, सासऱ्यांना घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात जातात, घराचे बांधकाम चालू असेल तर गवंड्याशी हुज्जतही घालतात. फक्त दोन ठिकाणी त्या दिसत नाहीत, जमातीच्या सभेत आणि शाळेच्या सभेत. जमातीची सभा कोकणात किती मोलाची, हे तिकडच्या वाचकांना सांगायला नको. गावची जमात, तिची मुंबईची शाखा, सदर, सेक्रेटरी, चंदा, कब्रस्तान, सगळे रीतसर. आणि शाळेच्या समितीत कोण बसणार हेही रिवाजाने तिथेच ठरत आले होते.

२०२३ च्या जुलैत समितीची मुदत संपली. आपांची मोठी मुलगी तेव्हा सहावीत होती. त्यांच्या डोक्यात एकच हिशेब होता, की दोन वर्षांनी मुलगी आठवीत जाणार आणि गावात आठवीच नाही. जवळचे उर्दू हायस्कूल दोन गाड्या बदलून. गावातल्या आधीच्या बऱ्याच मुली सातवीनंतर घरीच बसल्या होत्या. कुणी त्यांना बसा म्हटले असेही नाही. दाखला काढायचा राहिला, मग शिवणाचा क्लास, मग स्थळे यायला लागली. आपांनी आम्हाला विचारले, ‘‘टीचर, आठवीचा वर्ग मागायचा तर कुणी मागायचा?’’ आम्ही सांगितले की समितीने ठराव करायचा असतो. ‘‘मग समितीत मीच बसते ना,’’ त्या म्हणाल्या.

म्हणायला सोपे होते. त्यांनी संध्याकाळी असर ते मगरिबच्या वेळात घरोघर जायला सुरुवात केली. सोबत जाऊबाई. चार-पाच घरांत चहा झाला, दोन घरांत टोमणे. सासूबाईंना कुणीतरी जाऊन सांगितले की सून राजकारणात पडते आहे. जमातीचे सदर भले गृहस्थ, त्यांनी घरी येऊन समजावले, ‘‘बेटी, नावे आमची ठरलीत. तुझे म्हणणे काय ते मला सांग, मी सभेत मांडतो.’’ आपा म्हणाल्या, ‘‘चाचा, तुम्ही मांडालच. पण तुमच्या घरातले एकही मूल आता त्या शाळेत नाही. कायद्याने तुम्हाला पालक म्हणून बसता येणार नाही.’’ यात उद्धटपणा नव्हता, माहिती होती. सदर चाचा थोडा वेळ गप्प बसले आणि चहा पिऊन गेले.

मोठा प्रश्न परपुरुषांसमोर बोलण्याचा होता. तो टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही, कारण आपल्या अनेक घरांत तो मनापासून विचारला जातो. त्या गावच्या इमामसाहेबांनी त्यावर जुम्माच्या बयानात काही सांगितले नाही, पण विचारणाऱ्यांना एक वाकया सांगितला. हुदैबियाच्या तहाच्या वेळी सहाबा खिन्न होऊन बसले होते, कुर्बानी करून एहराम सोडायला कुणी उठेना. तेव्हा रसूलुल्लाह (स.) यांनी मश्वरा ऐकला तो उम्मे सलमा (रजि.) यांचा, आणि तसेच केले. कुरआन मजीदमध्ये ‘शूरा’ या नावाची एक सूरतच आहे. पडद्याचे म्हणाल तर डोक्यावर ओढणी घेऊन, अदबीने खुर्चीवर बसून आपल्या मुलांच्या वर्गाबद्दल बोलायला कुठला अडसर येतो ते आम्हाला तरी कळलेले नाही. आपांनी मुख्याध्यापकांना एवढीच विनंती केली की सभा दुपारी तीनऐवजी सकाळी अकराला, आणि जुम्मा सोडून ठेवावी. दुपारी तीनला घरात जेवणे आटोपून मुले मदरशात जायच्या तयारीत असतात. मुख्याध्यापकांनी ते मान्य केले. एवढ्या एका बदलाने सभेला नेहमीच्या दुप्पट बायका आल्या.

सभेत ठरलेली यादी वाचली गेली. आपा उठून म्हणाल्या की त्यांचेही नाव घ्यावे. दोन मिनिटे कुणी काही बोलले नाही. मग जाऊबाईंनी अनुमोदन दिले. कुणीतरी पुटपुटले की एवढ्यासाठी मतदान कशाला. केंद्रप्रमुख हजर होते. जागेपेक्षा नावे जास्त आली आहेत तर हात वर करून निवड घ्या, असे ते म्हणाले. आपांना एकोणतीस हात मिळाले. त्यांच्या समोरच्या गृहस्थांना चौदा. आपा अध्यक्ष झाल्या नाहीत, ते पद एका रिक्षावाल्या पालकांकडे गेले, आणि ते योग्यच झाले, कारण ते शांत आणि वक्तशीर आहेत. पण ज्या समितीत स्त्रिया नुसत्या नावाला असत, तिथे आता सहाजणी खरोखर येऊन बसू लागल्या.

निवडून येणे हा यातला सोपा भाग, हे आम्ही आमच्या नोकरीच्या अनुभवावरून सांगतो. समितीची बैठक महिन्यातून एकदा व्हायला हवी. पहिल्या दोन बैठकांत आपा काहीच बोलल्या नाहीत. कागद मराठीत आणि त्यांचे शिक्षण उर्दूत, आठवीपर्यंत. इतिवृत्त, प्रोसिडिंग, तरतूद, विनियोग, हे शब्द त्यांना परके. आमच्या मते आपल्या मोहल्ल्यांतील पालकांना मागे ठेवणारी खरी अडचण ही आहे, आणि तिच्यावर उपायही सोपा आहे. समितीने ठरवले की बैठकीत प्रत्येक विषय आधी बोलीत सांगायचा, मग मराठीत लिहायचा, आणि लिहिलेले सह्यांच्या आधी मोठ्याने वाचायचे. कोऱ्या पानावर सही करायची नाही. सूरह बकरातली सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, साक्षीदारांसह. ज्यांना ती ठाऊक आहे त्यांना प्रोसिडिंग बुकाचे महत्त्व वेगळे समजवावे लागत नाही. आमच्या आपांनी तर तेच उदाहरण बैठकीत दिले आणि मुख्याध्यापक हसले.

समितीच्या हाती काय काय असते, ते थोडे खोलात सांगायला हवे. शाळेला समग्र शिक्षा अभियानातून दरवर्षी पटानुसार शाळा अनुदान येते. छोट्या शाळेला दहा-पंचवीस हजार, मोठ्या पटाच्या शाळेला लाखापर्यंत. त्यातला काही भाग स्वच्छतेसाठीच असतो. समितीच्या खात्यावर अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांच्या सह्या लागतात. हा पैसा कशावर खर्च झाला हे पाहणे समितीचे कामच आहे, कायद्यात तसे लिहिले आहे. आपांच्या समितीने पहिल्या वर्षी मुलींच्या शौचालयाला आतून कडी आणि पाण्याची टाकी घेतली. आधीच्या वर्षांत दर वेळी रंगकाम निघायचे. पुरुष सदस्यांना भिंत दिसायची, मुलींच्या शौचालयाची कडी त्यांना दिसणार कशी?

पोषण आहाराचे तसेच. खिचडी मुलांना वाढण्याआधी चाखून तशी नोंद करायची असते. चव नोंदवहीत महिनाभराच्या सह्या एकाच पेनाने, एकाच दिवशी झालेल्या आम्ही पाहिल्या आहेत. आया आलटून-पालटून येऊ लागल्यावर त्या नोंदवहीत ‘मीठ जास्त’, ‘डाळ कच्ची’ असे शेरे दिसू लागले. स्वयंपाकीण बाईंना सुरुवातीला राग आला. पुढे आयांनीच पाहिले की त्यांचे मानधन महिनोन्महिने थकलेले असते, आणि समितीने त्यासाठी पंचायत समितीला पत्र लिहिले. मग राग गेला.

गणवेशाची कथा तर सगळ्या राज्याने पाहिली. २०२४-२५ या वर्षी सरकारने गणवेश एकाच ठिकाणाहून, बचतगटांमार्फत शिवून द्यायचे ठरवले. अनेक शाळांत कपडे उशिरा पोहोचले, मापे चुकली, तक्रारी झाल्या. अखेर २०२५-२६ पासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आले. म्हणजे मापे घेणे, कापड पाहणे, शिवून घेणे हे आता आपल्याच समितीने करायचे. दोन गणवेशांना मिळून मुलामागे सहाशे रुपये मिळतात. त्यात बरे कापड आणि मुलींसाठी सैल, नीट अंगाचा सलवार-कमीज शिवून घेणे हे आयांइतके कुणाला जमेल?

आणि सर्वांत महत्त्वाचे, शिक्षकांची पदे. हे आपल्या पालकांना फारसे कुणी समजावून सांगत नाही, म्हणून सविस्तर सांगतो. शाळेत किती शिक्षक राहणार हे पटावरून ठरते. त्याला संचमान्यता म्हणतात, आणि त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरला जातो. अलीकडे या मोजणीत मुलाचे आधार कार्ड शाळेच्या नोंदीशी जुळावे लागते. नाव, जन्मतारीख, लिंग, यांत फरक पडला तर मूल वर्गात रोज बसत असूनही मोजणीत अडते. आता आपली नावे पाहा. दाखल-खारीज रजिस्टरमध्ये उर्दूत एक, मराठीत दुसरे, आधारवर इंग्रजीत तिसरेच. शेख आणि शैख. मोहम्मद, मुहम्मद आणि नुसते ‘मो.’ आयेशा आणि आइशा. बापाचे नाव एका कागदावर मधे, दुसऱ्यावर शेवटी. त्या शाळेत अशी अकरा मुले निघाली. पट लहान असलेल्या शाळेत अकरा मुले कमी धरली गेली तर एक शिक्षक सहज जातो. आणि उर्दू माध्यमाचा शिक्षक एकदा गेला की दुसरा लवकर येत नाही. काही प्रवर्गांतल्या जागांना उर्दूचे उमेदवारच मिळत नाहीत म्हणून त्या रिकाम्या राहतात. आपांनी ती अकरा नावे घेतली, घरोघर जाऊन जन्मदाखले जमवले आणि ऑगस्टमध्ये दोन फेऱ्यांत सगळ्यांना तालुक्याच्या आधार केंद्रावर नेले. नऊ जणांचे काम झाले. दोघांचे जन्मदाखलेच नव्हते, त्यांचे अजून चालू आहे. हे काम शिक्षक करत नाहीत असे नाही, आम्ही करतोच, पण आईने आईला ‘उद्या सकाळी तयार राहा’ सांगण्यात जे वजन असते ते आमच्या चिठ्ठीत नसते.

आमच्या व्यवसायबंधूंपैकी काहींना हे लिहिणे आवडणार नाही. जागरूक समिती आली की शिक्षकांच्या उशिरा येण्याची चर्चा होते, सुट्ट्यांचा हिशेब होतो. कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरलीच पाहिजे, आणि समितीला ते मोजता येते. मोजू द्यावे. त्याच समितीला हेही विचारता येते की जनगणना, निवडणूक आणि आपत्तीचे काम सोडून आमच्या शिक्षकांना इतर कामांना का जुंपले जाते. कायद्याचे सत्ताविसावे कलम त्यासाठीच आहे. आम्ही वरिष्ठांना ते विचारू शकत नाही. पालक विचारू शकतात.

आठवीच्या वर्गाचे काय झाले? समितीने पहिल्याच वर्षी ठराव केला. शाळा विकास आराखड्यात तो घातला. केंद्रप्रमुखांकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून जिल्हा परिषदेकडे प्रस्ताव गेला आणि सात महिन्यांनी शेरा मारून परत आला, की स्वतंत्र वर्गखोली दाखवावी. खोली नाही. ग्रामपंचायतीकडे जुनी बालवाडीची इमारत आहे, तिच्यासाठी पत्रव्यवहार झाला, तोवर २०२५ चा जून आला. आपांच्या मुलीसह सहा मुली सातवी पास झाल्या.

त्यांच्यासाठी समितीने दुसरा मार्ग काढला. अकरा किलोमीटरवर मराठी माध्यमाचे हायस्कूल आहे. गावाकडच्या मुलींना पाचवीपासून बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना आहे. अडचण वेळेची होती. सकाळची गाडी शाळा भरून गेल्यावर यायची. समितीच्या लेटरहेडवर अर्ज गेला, आपा आणि अध्यक्ष दोनदा आगारात जाऊन आले, आणि गाडी चाळीस मिनिटे अलीकडे आली. सहावी आणि सातवीच्या मुलींना उर्दूबरोबर मराठीचे जादा वाचन आम्ही शनिवारी घेत होतो, त्याचा थोडा उपयोग झाला. सहापैकी पाच मुली आता तिथे जातात. विज्ञान मराठीतून समजून घेताना पहिल्या घटक चाचणीत त्या अडखळल्या, दुसऱ्या चाचणीत कमी. सहावी मुलगी घरी आहे. तिच्या आजीचा नकार आहे आणि वडील फोनवर ‘बघू’ म्हणतात. समितीच्या दोघीजणी अजूनही त्या घरी जात असतात.

ज्यांची मुले मराठी माध्यमाच्या जिल्हा परिषद किंवा नगरपालिका शाळेत आहेत त्यांनी हे आपल्यासाठी नाही असे समजू नये. तिथे तर जास्त गरज आहे. चाळीस मुलांत आपली आठ असतील तर समितीत आपला एकतरी पालक असायला हवा, आणि तो आपल्या मुलांपुरताच नव्हे, सगळ्या मुलांच्या शौचालयासाठी, सगळ्यांच्या पुस्तकांसाठी बोलणारा असावा. असा पालक एकदा बसला की ईदच्या दुसऱ्या दिवशी चाचणी ठेवू नका, एवढे साधे सांगणेही सोपे होते. मुद्दाम कुणी ठेवत नाही, लक्षात आणून देणारे कुणी नसते.

आता अल्पसंख्याक शाळांबद्दल. इथे एक गैरसमज पक्का आहे. उर्दू माध्यम म्हणजे अल्पसंख्याक शाळा असे नव्हे. जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची उर्दू शाळा ही सरकारी शाळाच आहे, तिथे वर सांगितलेली समिती पूर्ण अधिकारांनिशी असते. अंजुमन किंवा ट्रस्टने स्थापन केलेली शाळा ही अल्पसंख्याक शाळा. २०१२ च्या दुरुस्तीने अशा शाळांतल्या समितीचे काम सल्ला देण्यापुरते ठेवले, आणि २०१४ मध्ये प्रमती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागूच होत नाही असे सांगितले. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने त्या निकालाचा फेरविचार मोठ्या खंडपीठाने करावा असे मत दिले आहे. निकाल काहीही लागो, आपल्याच माणसांनी चालवलेल्या शाळेत पालकांना, त्यातही आयांना, बसायला जागा द्यायला ट्रस्टींना कुणी मनाई केलेली नाही. खासगी शाळांत फी ठरवताना पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जावे लागते, २०११ चा राज्याचा फी नियमनाचा कायदा तसे सांगतो. तिथे इच्छुक पालकांच्या नावांच्या चिठ्ठ्या काढतात. चिठ्ठी निघण्यासाठी आधी नाव द्यावे लागते, एवढे लक्षात ठेवायचे.

ज्यांना उभे राहायचे आहे त्यांनी पहिली गोष्ट करायची ती ही की, मुख्याध्यापकांना विचारायचे, सध्याची समिती कोणत्या तारखेला नेमली. त्या तारखेपासून दोन वर्षे मोजायची. सभेच्या आधी आठ-दहा आयांशी बोलून ठेवायचे, सुचवणारी एक आणि अनुमोदन देणारी एक पक्की करायची. सभेची वेळ गैरसोयीची असेल तर ती बदलून मागायची, आणि तोंडी नको, चार ओळी लिहून. निवड झाली की नावे वाचून दाखवायला सांगायची आणि शाळेच्या फलकावर लावायला सांगायची. पहिल्या बैठकीत बोलायला सुचले नाही तर हरकत नाही. रजिस्टरची मागची पाने वाचून काढायची. सगळे कळेल.

आपांची मुलगी गावच्या शाळेतून गेली, पण धाकटा मुलगा तिसरीत आहे, त्यामुळे २०२५ च्या सभेत त्यांना पुन्हा उभे राहता आले असते. त्या उभ्या राहिल्या नाहीत. या वेळी जाऊबाईंचे नाव आले, आणि आणखी तिघींची नावे, ज्यांना आपा आधी कधी भेटल्याही नव्हत्या. सभेची वेळ सकाळी अकराचीच होती. बालवाडीच्या इमारतीची फाइल आता जाऊबाईंकडे आहे.